एचएमडीचे फोन, दुरुस्तीच्या टेबलावरून

एचएमडी म्हणजे नोकियाच्या नावाने फोन विकत आलेली कंपनी; २०२४ पासून ती स्वतःच्या नावानेही फोन काढते. तिच्या फोनांबद्दल आधी निकाल सांगते, मग कारणं. एचएमडीचा बटनाचा फोन निर्धास्त घ्या, फक्त तुमचं सिम जिओचं नाही ना, एवढं बघा. तिच्या स्मार्टफोनांत फ्यूजन हा मुलांच्या हाती द्यायला चांगला फोन आहे. आणि स्कायलाइन? माझ्या टेबलावर उघडलेल्या फोनांमध्ये इतक्या समजूतदारपणे बांधलेला फोन क्वचित बघितला. तरीही तो घ्या असं मी सरसकट कुणाला सांगत नाही. का, ते पुढे येईलच.

मी कोपरगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान बाबांचं. आधी एसटीडी बूथ होता, मग त्याच काउंटरवर रिचार्ज सुरू झालं, मग दुरुस्ती. बाबांच्या पेटीतला टी६ स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडे आहे, कारण नोकियाचे बहुतेक जुने फोन त्या एका स्क्रूड्रायव्हरने उघडायचे. त्यामुळे नोकियाचं पुढे काय झालं, हा आमच्याकडे घरातला विषय आहे. गिऱ्हाइकंही विचारतात: "ताई, ही कंपनी टिकणार आहे का? नाहीतर फोन घ्यायचा आणि उद्या पार्ट मिळायचा नाही." प्रश्न अगदी बरोबर आहे. फोन विकत घेताना आपण कंपनीची पुढची काही वर्षंही विकत घेत असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोकियाने फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला, तो व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पुरा झाला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना मात्र करवसुलीच्या वादात अडकला, मायक्रोसॉफ्टकडे जाऊच शकला नाही आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला. २००६ पासून तिथे फोन बनत होते. पुढे मायक्रोसॉफ्टलाही फोन झेपले नाहीत. २०१६ साली साध्या फोनांचा धंदा ३५ कोटी डॉलरला विकला गेला. कारखान्यांची बाजू तैवानच्या फॉक्सकॉनच्या एफआयएच या कंपनीकडे आली आणि नोकिया हे नाव फोनवर छापायचा हक्क फिनलंडच्या एस्पो शहरात उभ्या राहिलेल्या एचएमडी नावाच्या नव्या कंपनीकडे. त्यात माणसं बरीचशी जुन्या नोकियातलीच. करार १० वर्षांचा. म्हणजे हे नाव आपल्याकडे कायमचं नाही, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता फोनांकडे वळते. सुरुवात बटनाच्या फोनापासून, कारण माझ्या मते कंपनीचा जीव तिथे आहे.

जून २०२४ मध्ये एचएमडी १०५ आणि ११० हे दोन फोन स्वतःच्या नावाने भारतात आले, किंमत ९९९ आणि १,१९९ रुपये. ११० ला कॅमेरा, १०५ ला नाही. दोन्हींना १,००० एमएएचची बॅटरी, टॉर्च, वायरलेस एफएम, कॉल रेकॉर्डिंग, आणि फोन कुणाचा आला ते बोलून सांगणारा फोन टॉकर. वर्षभरात बिघडला तर बदलून द्यायची हमी. कागदावर यात डोळे दिपावेत असं काही नाही. पण हा फोन कोण घेतं ते बघा.

आमच्याकडे विहिरीवर मोबाइल स्टार्टर असतात. स्टार्टरच्या पेटीत सिम घातलेलं यंत्र. शेतकरी घरून त्या नंबरला फोन लावतो, पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो लाइट आली आहे की नाही, मोटर चालू करायला अमुक बटन दाबा. रात्रपाळीची थ्री फेज असली की हा माणूस रात्री बारा-एकला बांधावर उभा असतो, पाय चिखलात, हात ओले, एका हातात फावडं. त्याच वेळी दारं मोडायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं असतं आणि मोटरही बघायची असते. ओल्या बोटाने टचस्क्रीनवर कीपॅड उघडून बटन दाबून बघा. निम्म्या वेळा स्क्रीनला बोट कळतच नाही. बटनाच्या फोनावर अंगठा न बघता पाचावर जातो, कारण पाचावर उंचवटा असतो, तिथून बाकीचे आकडे हाताला पाठ. वर टॉर्च. सापाकिरड्याच्या शेतात टॉर्च ही हौस नाही. स्मार्टफोन घरी चार्जिंगला, शेतात बटनाचा, असे दोन फोन वापरणारी कितीतरी घरं माझ्या गिऱ्हाइकांत आहेत आणि ती सगळी काही गरीब नाहीत.

गळीत हंगाम सुरू झाला की दुसरं गिऱ्हाईक येतं. बीड, पाथर्डी, नांदगाव, चाळीसगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. खोपीत लाइट नसते. फोन चार्ज करायचा तर कुणाच्या तरी दुकानात ठेवायचा नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. ज्या फोनला दोन-तीन दिवस चार्जर दाखवावा लागत नाही तोच त्यांच्या कामाचा. गावाकडे म्हाताऱ्या आईजवळ ठेवलेल्या पोरांशी दिवसातून एकदा बोलायचं, मुकादमाचा फोन उचलायचा, बस. ९९९ रुपयांत नवा, पावतीसह, वर्षभराच्या हमीचा फोन मिळणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

आणि तिसरं गिऱ्हाईक हल्ली वाढलंय: शिकलेली, नोकरी करणारी मुलं, आईवडिलांसाठी बटनाचा फोन शोधणारी. डिजिटल अटकेच्या आणि लिंकवर क्लिक करून पैसे गेल्याच्या बातम्या वाचून ती घाबरलेली असतात. या फोनांत यूपीआयही चालतं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं ते अशाच फोनांसाठी, आणि १०५ मध्ये त्याचं ॲप आधीच घालून येतं. पण एक सांगते. माझ्याकडे वडिलांसाठी फोन नेणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण यूपीआय चालू करूनच नका देऊ म्हणतात. त्यांना पैसे न जाणारा फोन हवा असतो. मला त्यांचं पटतं.

आता याच फोनाची पडती बाजू. एचएमडी १०५ हा २जी फोन आहे. जिओचं २जी नेटवर्कच नाही, सगळा कारभार ४जी-५जीवर. म्हणजे जिओचं सिम यात घातलं तर फोन लागत नाही, येत नाही. जुलै २०२३ मध्ये जिओने जिओभारत व्ही२ हा ४जी बटनाचा फोन आणला तोही ९९९ रुपयांना, फक्त त्यांच्याच सिमवर चालणारा. त्याच किमतीत ४जी. एचएमडीच्या धंद्याच्या वर्मावर हा घाव होता. कंपनीकडे ४जी बटनाचे फोन नव्हते असं नाही. नोकिया ११० ४जीची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली, किंमत २,४९९. चांगला फोन, कॉलचा आवाज खणखणीत. पण ९९९ आणि २,४९९ यांच्यामध्ये ऊसतोडीच्या मजुराची अख्खी आठवड्याची भाजी-किराणा येते. हजार ते पंधराशेच्या आत कुठल्याही सिमवर चालणारा ४जी बटनाचा फोन, ही एचएमडीच्या भारतातल्या भवितव्याची पहिली अट आहे असं मला वाटतं. बाकी सगळं नंतर.

एप्रिल २०२५ मध्ये १३० म्युझिक आणि १५० म्युझिक आले, १,८९९ आणि २,३९९ रुपयांना, २,५०० एमएएच बॅटरीचे. आवाज मोठा, गोठ्यात दूध काढताना रेडिओ लावणाऱ्यांना आवडेल असा. कंपनीला आपलं गिऱ्हाईक कळतं याचा हा पुरावा.

आता स्कायलाइन. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतात आला, १२ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, किंमत ३५,९९९. आमच्या गल्लीतला, पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा काळ्या रंगाचा स्कायलाइन घेऊन सुट्टीत आला होता. फोन धडधाकट होता, पण मला आतून बघायचा होता आणि त्यालाही हौस होती. म्हणाला, "उघड ताई, बघू तरी."

हल्लीचा कुठलाही फोन उघडायचा म्हणजे काय असतं ते सांगते. पाठ गोंदाने चिकटवलेली असते. हीट प्लेटवर ठेवायचा, गोंद मऊ होईपर्यंत थांबायचं, कडेला सक्शन लावून नखाएवढी फट पाडायची, तिच्यात पातळ ओपनर सरकवायचा, आणि मग चारही बाजूंनी श्वास रोखून फिरवायचा. जास्त आत गेला तर पॉवर बटनाची स्ट्रिप कापली जाते, कमी गेला तर काच तडकते. काम झालं की जुना गोंद खरवडून, पुसून, बी-७००० हा नवा गोंद लावून, रबर लावून फोन रात्रभर दाबून ठेवायचा. बॅटरी बदलायचं साधं काम, पण निम्मी मजुरी नुसती उघडण्या-मिटवण्याची असते. गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही लुटतो.

स्कायलाइनच्या कडेला एक स्क्रू आहे. तो फिरवला की मागचं झाकण स्वतःहून उचललं जातं. हीट नाही, सक्शन नाही. त्या फटीत साधा प्लास्टिकचा ओपनर घालून कडेने फिरवला, झाकण हातात. आत बॅटरी समोर, चार्जिंग जॅक समोर, हात घालायला जागा. परत बसवताना कड दाबली, स्क्रू फिरवला, झालं. आणि एवढं करून त्याला आयपी५४ मिळालेलं आहे, म्हणजे शिंतोड्या-धुळीला पुरेसा. मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या की फोन पाण्यापासून वाचवायचा तर गोंदाशिवाय पर्याय नाही. शिंतोड्यांपुरतं तरी ते खरं नाही, हे या स्क्रूने दाखवलं. हा स्क्रू ज्या माणसाच्या डोक्यातून निघाला त्याने कधीतरी दुरुस्तीच्या टेबलावर बसून काम केलं असणार, असं मला मनापासून वाटलं.

हे एकाएकी झालेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये नोकिया जी२२ आणताना एचएमडीने आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या कंपनीशी हातमिळवणी केली होती. बॅटरी, स्क्रीन, चार्जिंग पोर्ट असे सुटे भाग आणि बदलायची पद्धत, दोन्ही लोकांसाठी खुलं. स्कायलाइन ही त्याची पुढची पायरी. बाकी फोनही बरा आहे: ६.५५ इंची ओएलईडी स्क्रीन, १०८ मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, २ पट जवळ आणणारी वेगळी लेन्स, आणि पाठीला चुंबकाने चिकटणारं क्यूआय२ वायरलेस चार्जिंग, जे अँड्रॉइडमध्ये आणणारा हा पहिला फोन. प्रोसेसर मात्र स्नॅपड्रॅगन ७एस जेन २. छत्तीस हजारांत त्या वेळी याच्याहून बऱ्याच वरचा प्रोसेसर मिळत होता, आणि फोन घेणारी पोरं आधी तेच बघतात.

पण मी स्कायलाइन सरसकट का सुचवत नाही, त्याचं कारण प्रोसेसर नाही. कारण आहे अपडेट. कंपनीने या फोनाला २ वर्षं अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि ३ वर्षं सुरक्षेचे अपडेट एवढंच वचन दिलं. ज्याची बॅटरी मी पाच वर्षांनी दहा मिनिटांत बदलून देऊ शकते त्या फोनाचं सॉफ्टवेअर तीन वर्षांत म्हातारं करायचं, याला काय म्हणावं? बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात, तेव्हा फोन ठणठणीत असून टाकून द्यावा लागतो. असे फोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्याच काळात गूगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने एस२४ ला ७ वर्षांचं वचन दिलं होतं. ते महाग फोन आहेत, मान्य. पण फोन दीर्घकाळ वापरा, दुरुस्त करा, हे ज्या कंपनीचं मुख्य म्हणणं आहे तिनेच इथे हात आखडता घ्यावा, हे मला लागलं. स्क्रू आणि सॉफ्टवेअर एका बैलजोडीसारखे चालले तरच गाडी पुढे जाते.

फ्यूजनबद्दल थोडंच. नोव्हेंबर २०२४ चा फोन, किंमत १७,९९९, सुरुवातीला १५,९९९. पाठीला धातूच्या पिना आहेत, त्यावर वेगवेगळी कव्हरं बसतात आणि फोनाशी बोलतात: एकाला उलगडणारी दिव्याची कडी, एकाला गेमची बटनं. भारतात ही कव्हरं डब्यातच दिली. कंपनीने कव्हर बनवायची माहितीही खुली केली, कुणीही स्वतः बनवावं म्हणून. पॉलिटेक्निकच्या पोरांनी यावर काय काय करावं! सोसायटीतल्या गोदामासाठी बारकोड वाचणारं कव्हर, दूध संकलन केंद्रासाठी काहीतरी. स्क्रीन एचडी+ आहे, या किमतीला ती कमी पडते. पण कल्पना खरी आहे आणि ती उचलून धरणारं कुणी भेटायला हवं.

मग एवढं सगळं चांगलं असताना कंपनी धडपडते का? माझ्या मते २०१८ मध्ये ती ज्या जागी होती ती जागा तिने सोडली. नोकिया ७ प्लस आठवतो का? तांब्याची कड, झाइसचा कॅमेरा, अँड्रॉइड वन म्हणजे गूगलचं साधं अँड्रॉइड, फालतू ॲप एकही नाही, २५,९९९ रुपये. ज्यांनी घेतला ते अजून नाव काढतात. त्या मे महिन्यात एचएमडीने १० कोटी डॉलर उभे केले, कंपनीची किंमत १ अब्ज डॉलरवर गेली. मग २०१९ मध्ये पाच कॅमेऱ्यांचा नोकिया ९ प्युअरव्ह्यू आला, तोही आदल्या वर्षीच्या प्रोसेसरवर, भारतात ४९,९९९ ला. त्यानंतर वरच्या किमतीतला दबदबा गेला तो गेलाच. अँड्रॉइड वन मागे पडलं. सी मालिका, जी मालिका, एक्स मालिका, आकडेच आकडे. माझ्यासारखीलाही कुठला फोन कुठल्याहून वरचढ हे यादी बघून सांगावं लागायचं. २०२० मध्ये गूगल, क्वालकॉम आणि नोकियाने २३ कोटी डॉलर घातले, पण तोवर दहा-पंधरा हजारांच्या गल्लीत शाओमी, रिअलमी, विवो ठाण मांडून बसले होते. त्यांचे बोर्ड गावोगावच्या दुकानांवर लागले. त्या गल्लीत पैशाने लढायचं तर एचएमडी हरणारच.

जुलै २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतला कारभार आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. बातमी वाचून बाबा म्हणाले, "गेली म्हणायची का आता?" मला तसं वाटत नाही. जिथे जिंकता येत नाही तिथून निघणं शहाणपणाचं आहे. युरोपात ऑगस्ट २०२५ मध्ये एचएमडीने मुलांसाठी फ्यूज नावाचा फोन आणला, अश्लील चित्रं फोनच्या आतच रोखणारा. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये टच ४जी आला, ३,९९९ ला, छोट्या टचस्क्रीनचा, ॲपच्या गर्दीविना. बटन आणि स्मार्टफोन यांच्या मधली ही जागा. तिथे चिनी कंपन्यांचं लक्ष नाही, आणि पालकांची गरज मात्र दुकानात रोज ऐकू येते: पोराला फोन हवाय, पण तसला नको.

वारंही त्यांच्या बाजूने फिरतंय. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आला: नव्या फोनाची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान ५ वर्षं अपडेट. म्हणजे जे एचएमडी हौसेने करत होती ते आता सगळ्यांना करावं लागणार आणि जे ती टाळत होती ते तिलाही करावं लागणार. भारतातही ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फोन-उपकरणांना दुरुस्तीक्षमतेचे गुण द्यायची पद्धत आखायला समिती नेमली. उद्या डब्यावर दुरुस्तीचे गुण छापायची वेळ आली तर स्कायलाइन बनवणाऱ्या कंपनीची आजच तयारी आहे.

पण सुटे भाग तालुक्याच्या काउंटरपर्यंत यायला हवेत. हे मी सगळ्याच कंपन्यांना सांगते. एका मोठ्या कंपनीचा, नाव घेत नाही, ओरिजिनल डिस्प्ले मागवला तर मला नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला गिऱ्हाइकालाच पाठवावं लागलं, पार्ट दुकानदाराला देत नाहीत म्हणून. सत्तर वर्षांचा माणूस, एसटीने गेला, दोनदा. जी कंपनी आम्हा दुरुस्तीवाल्यांना अस्सल पार्ट पावतीवर, ठरलेल्या दरात देईल, तिचा फोन आम्ही सांगून विकू. गावात फोन कुठला घ्यायचा हे जाहिरात ठरवत नाही, दुरुस्तीवाला ठरवतो. एचएमडीने स्क्रू केलाच आहे, आता त्याच्या मागचा पार्ट पाठवावा.

तोवर माझा सल्ला असा. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर वडिलांना १०५. जिओ असेल तर ४जी लिहिलेला डबा मागा, आणि काउंटरवर तुमचंच सिम घालून एक कॉल लावून बघा. स्कायलाइन बऱ्यापैकी सवलतीत मिळाला, आणि तुम्हाला तीनेक वर्षंच वापरायचा असेल, तर घ्या. पुढच्या स्कायलाइनला पाच वर्षांचे अपडेट दिले तर मी स्वतः घेणार आहे.